क्लेम ब्लूरची दहा मिनिटं

हॉरेस मॅचिनने मला पबात कामावर घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी एकच शब्द शिकवला. टाइम. तसा तो मला येत होताच. पण पबात तो ओरडावा लागतो. दुपारी अडीचला कायद्याने पब बंद. त्याच्या आधी घंटा वाजवायची आणि छाती भरून 'टाइम' म्हणायचं. म्हणजे आता कुणी नवा ग्लास मागू नये, पुढ्यातला संपवावा आणि आपापल्या घरी जावं. एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. माझा आवाज चिरका. मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा रोज येणारा पर्सी टॅम्स म्हणाला, "हॉरेस, मांजर अडकलंय वाटतं कुठंतरी."

आमच्या स्टोकमध्ये हा शब्द नुसता घड्याळातला नाही. कारखान्यात उशीर झाला की मुकादम 'टाइम कापला' म्हणतो. कुणाचा मुलगा तुरुंगात गेला की तो 'टाइम करतोय'. बाईचे दिवस भरत आले की 'तिचा टाइम जवळ आला'. आणि एखादं माणूस डोळ्यांसमोर नको असेल, तर आमचे लोक शिवी देत नाहीत. 'त्याच्यासाठी माझ्याकडे टाइम नाही' एवढंच म्हणतात. ते शिवीपेक्षा जास्त लागतं. ज्या माणसाची ही हकीकत आहे तो क्लेमंट ब्लूर हा शब्द जपून वापरायचा. एकदाच त्याने तो जपून वापरला नाही.

क्लेम भांडी भाजायच्या भट्टीवर रचणाऱ्याचं काम करायचा. कच्च्या कपबश्या मातीच्या जाड डब्यांत भरायच्या, तो डबा डोक्यावर घ्यायचा, शिडी चढायची आणि भट्टीत एकावर एक थर लावायचे. टोपीच्या आत कापडाची चुंबळ असायची. चाळीस वर्षं डोक्यावर ओझं वाहून त्याची मान अशी सरळ झाली होती की तो रस्त्याने चालला की लोकांना वाटायचं, याला गर्व आहे. गर्व होताच, पण एकाच गोष्टीचा. त्या चाळीस वर्षांत त्याला एकदाही उशीर झाला नव्हता. भट्टीच्या धुळीत घड्याळ टिकत नाही म्हणून तो मनगटावर काही बांधायचा नाही. कारखान्याचा भोंगा, चर्चचे टोले आणि आमच्या पबातलं भिंतीवरचं घड्याळ, एवढ्यावर त्याचं चालायचं.

आता त्या घड्याळाबद्दल. ते दहा मिनिटं पुढे असायचं. हॉरेसने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. पिणारे लोक उठता उठत नाहीत, आणि अडीचनंतर कुणाच्या हातात ग्लास सापडला तर पोलीस मालकाला धरतात. म्हणून घड्याळात अडीच वाजले की हॉरेस ओरडायचा, आणि खरे अडीच वाजेपर्यंत पब रिकामा व्हायचा. गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. आत पाऊल टाकलं की माणसं आपोआप दहा वजा करायची. परगावचा एखादा माणूस घड्याळ बघून अर्धा ग्लास टाकून स्टेशनकडे पळायचा आणि आमचे लोक मागून हसायचे. हॉरेसचा नोकरांसाठी एकच नियम होता, काट्यांना हात लावायचा नाही. माझ्या आधीच्या मुलीला त्याने त्यावरूनच काढलं होतं.

१९५७ चा मार्च होता. मला कामाला लागून तीन आठवडे झाले होते आणि मी वीस वर्षांची होते. शुक्रवारी हॉरेस भावाच्या दफनाला शेजारच्या लीक गावी गेला. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "एनिड, आज रात्री घड्याळाला किल्ली दे. नुसती किल्ली. बाकी कशाला हात लावशील तर बघ." मी विसरले. शनिवारी सकाळी येऊन बघते तर घड्याळ सव्वाचारवर बंद पडलेलं.

मी खुर्चीवर चढले आणि किल्ली दिली. रेडिओवर वेळ सांगत होते. त्या वेळेला काटे लावले आणि दहा मिनिटं पुढे सरकवायला बोट उचललं, तेवढ्यात मला पर्सीचं मांजर आठवलं. तीन आठवडे हे पुरुष माझ्या आवाजाची टिंगल करत होते. म्हटलं, राहू दे खरं. आज हे महाशय दहा वजा करून बसतील आणि मी टाइम म्हणून लगेच ग्लास उचलले की गोंधळतील. बघू कसे उठतात. मी खाली उतरले आणि खुर्ची जागेवर ठेवली. मला हसू येत होतं, हे मी लपवणार नाही.

क्लेम साडेबाराला आला. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. पण तो घरी जाऊन, दाढी करून, चर्चला जायचा कोट घालून आला होता. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं आणि त्यातून ओटच्या गरम धिरड्यांचा वास येत होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्या दिवशी त्याची एकुलती एक मुलगी थेल्मा नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला निघाली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दोघांनी दहा-दहा पाउंडांत जहाजाची जागा घेतली होती. दोन वाजायला वीस मिनिटं असताना लंडनची गाडी होती. आणि क्लेमने महिन्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर मुलीला काय सुनावलं होतं, तेही सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याची बायको एडा ते रडत रडत चार घरी सांगून आली होती. तो म्हणाला होता, "तुझ्या त्या रॉयसाठी माझ्याकडे टाइम नाही. आणि त्याच्या मागं जाणार असशील तर तुझ्यासाठीही नाही. स्टेशनवर मी येणार नाही, वाट बघू नकोस."

त्याने अर्धा पाइंट बियर घेतली आणि घड्याळाच्या समोरच्या खुर्चीत बसला. पर्सीला राहवलं नाही. "क्लेम, जातोयस ना मग?"

"जातोय."

"मग इथं कशाला बसलास? एडा तर मघाशीच गेली पोरीबरोबर."

"लवकर जाऊन काय करू? अर्धा तास तिथं उभं राहायचं म्हणजे बोलावं लागेल. मला नाही जमत ते. पाच मिनिटं असली की बास. पुडकं हातात द्यायचं, तोंड बघायचं. बोलायचं झालंच तर एक वाक्य आहे माझ्याकडे. तेवढं पुरे."

"कुठलं वाक्य?"

"तुला सांगायला मी काय तुला निरोप द्यायला चाललोय?"

लोक हसले आणि पुन्हा आपापल्या गप्पांना लागले. मी ग्लास पुसत होते. काही वेळाने पर्सीने त्याला चिडवायला घड्याळाकडे मान वळवली. "अरे, एक पंचवीस. गाडी एक चाळीसची."

"एक पंचवीस कसले? हॉरेसचं घड्याळ आहे ते. आत्ता कुठं सव्वा झालाय," क्लेम म्हणाला. "स्टेशन इथून दहा मिनिटं. त्यात पस्तीस दिसले की उठेन."

माझ्या हातातला ग्लास तिथल्या तिथे थांबला. खरोखर एक पंचवीसच झाले होते. मी तोंड उघडलं असतं आणि तो त्या क्षणी उठला असता, तर त्याला त्याची पाच मिनिटं मिळाली असती. मी सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण पबात बारा-तेरा माणसं होती. सांगितलं असतं की सोमवारी हॉरेसच्या कानावर जाणार, आणि माझी नोकरी गेली असती. आई विधवा, घरी माझ्या पगाराची वाट बघणारी. मी स्वतःला म्हटलं, गाड्या कधी वेळेवर सुटतात का? तो भरभर चालेल. त्याच्यासारखा माणूस पोचेलच. असं म्हणत म्हणत मी पाव आणायच्या निमित्ताने मागच्या कोठीत गेले आणि तिथेच उभी राहिले. पाव समोरच होते. मी ते मोजत राहिले. बाहेर आले तेव्हा क्लेमची खुर्ची रिकामी होती आणि घड्याळात एक सदतीस झाले होते.

अडीचला मी टाइम म्हटलं आणि नेहमीची दहा मिनिटं न देता लगेच ग्लास उचलायला लागले. सगळे गोंधळले, हसले, आज पोरीने चांगलंच पळवलं म्हणाले. मला हसू आलं नाही. शेवटचा माणूस गेल्यावर मी दाराला कडी लावली, खुर्चीवर चढले आणि काटे दहा मिनिटं पुढे केले.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. क्लेम पोचला तेव्हा फलाट रिकामा झाला होता. एडा एकटी बाकावर बसली होती. थेल्मा शेवटपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती, आणि गाडी हलली तेव्हा म्हणाली, "बोलले तसंच केलं त्यांनी." एडाने नवऱ्याच्या हातातलं पुडकं बघितलं आणि त्याच्या तोंडाला येणारा बियरचा वास घेतला. ती एकच वाक्य बोलली. "चाळीस वर्षांत कधी उशीर केला नाहीस, आणि आजच बरा झाला?"

पुढच्या शनिवारी क्लेम आला. पर्सीने विचारलं, तसं तो म्हणाला, "घड्याळ बरोबर होतं त्या दिवशी. स्टेशनवरच्या घड्याळाशी जुळत होतं. मी दहा वजा केले, तिथं चुकलो."

पर्सी म्हणाला, "क्लेम, हॉरेसचं घड्याळ वीस वर्षांत कधी बरोबर नव्हतं. दुसरं काहीतरी सांग बाबा. पाय निघाला नाही म्हण, आम्ही समजून घेऊ."

हॉरेस काउंटरवरच होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एनिड, तू हात लावलास?"

"नाही," मी म्हणाले.

माझा तो चिरका आवाज त्या दिवशी अगदी स्वच्छ निघाला. क्लेमने माझ्याकडे पाहिलं, ग्लास उचलला आणि खुर्चीत जाऊन बसला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. लोकांनी मात्र काढला. कुणाला उशीर झाला की 'घड्याळ बरोबर होतं वाटतं' असं म्हणायची पबात रीतच पडली. ज्या माणसाकडे मिरवायला एवढी एकच गोष्ट होती, त्याचं त्याच गोष्टीवरून हसं झालं. आणि मी ग्लास पुसत ते ऐकत राहिले.

तो दर शनिवारी यायचा. अर्धा पाइंट, तीच खुर्ची. पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवायचा आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायचा. मला वाटायचं, हा मनातून मला शिव्या घालतोय. मी मान खाली घालायची. थेल्माची पत्रं आईच्या नावाने यायची. बापाबद्दल त्यात अवाक्षर नसायचं. क्लेमने एकदा तिला लिहायला घेतलं होतं, असं एडाने सांगितलं. 'घड्याळ बरोबर होतं' एवढं लिहून त्याने कागद फाडला. म्हणाला, "हे मलाच खोटं वाटतंय." साठच्या हिवाळ्यात एडा छातीच्या दुखण्याने गेली. थेल्मा आली नाही. पत्रंही थांबली. त्या शनिवारी मी सांगायचं ठरवून आले होते. तो आला, शोकाची काळी पट्टी बांधलेला हात काउंटरवर ठेवून उभा राहिला, माझ्याकडे बघत. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी विचारलं, "अर्धाच ना?"

त्रेसष्टच्या जूनमध्ये हॉरेस म्हातारपणामुळे पब सोडून गेला. नवा मालक तरुण होता. त्याने पहिल्याच शनिवारी स्टुलावर चढून काटे मागे घेतले आणि म्हणाला, "मंडळी, आजपासून या घरातलं घड्याळ बरोबर."

पर्सी ओरडला, "ऐकलंस का क्लेम? सहा वर्षांनी का होईना, तू खरा ठरलास."

पब हसून हसून लोळला. मी क्लेमकडे बघितलं. तोही हसत होता. चौकात कुणी टोपी उडवली तर माणूस कसं कसनुसं हसतो, तसं. एवढी वर्षं मी त्याचा राग सहन केला, निदान मला तसं वाटत होतं. ते हसू मला सहन झालं नाही.

"ते खरंच बोलत होते," मी म्हणाले. हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले. "त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. मी लावलं होतं. तुमची गंमत करायला. यांनी पस्तीसला उठेन म्हटलं ते मी ऐकलं होतं. मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही. नंतर हॉरेसने विचारलं तेव्हा खोटं बोलले. क्लेम ब्लूर मुलीला भेटायलाच निघाले होते."

पर्सीने ग्लास खाली ठेवला. बोलला तो क्लेमच. अगदी हळू.

"मला माहीत होतं, पोरी."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्याशिवाय होतं कोण इथं? पाव आणायला गेलीस आणि आलीच नाहीस."

"मग हॉरेससमोर का बोलला नाहीत तुम्ही?"

"नोकरी गेली असती तुझी. आणि माझी पोर काय परत आली असती?" त्याने टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "दर शनिवारी येत होतो. म्हटलं, आज सांगेल. थेल्माला मी लिहिलं तर बापाची सारवासारव. तू लिहिलं असतंस तर तिला पटलं असतं. पण असं मागता येत नाही गं. ते दुसऱ्यानंच आणून द्यावं लागतं."

म्हणजे तो शिव्या घालत नव्हता. वाट बघत होता. सव्वासहा वर्षं, दर शनिवारी, एका अर्ध्या पाइंटच्या निमित्ताने. मी त्याच्यासमोर उभी होते आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी थेल्माला लिहिलं. पत्ता एडाच्या बहिणीकडून आणला. स्वतःला वाचवणारं एक वाक्यही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा लिहिलं गेलं आणि दोनदा खोडलं. कोट, दाढी, धिरडी, ते न सांगितलेलं एक वाक्य, कोठीतले पाव, सगळं लिहिलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. पाकिटावर नाव क्लेमचं होतं. तो ते न फोडताच पबात घेऊन आला. मंगळवारची दुपार होती, दुसरं कुणी नव्हतं. जुलै असूनही बाहेर गारठा होता आणि मालकाने शेगडी पेटवली होती. भट्टीच्या धगीने क्लेमचे डोळे गेल्यात जमा होते. बारीक अक्षर त्याला दिसायचं नाही.

"वाच," तो म्हणाला. "सगळं वाच. गाळू नकोस काही."

मी वाचलं. थेल्माने लिहिलं होतं की तिने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच तीनदा वाचलं. बाबा दाढी करून निघाले होते, हे कळल्यावर ती तिथेच खाली बसली. तिला दोन मुलं आहेत, थोरल्याचं मधलं नाव क्लेमंट आहे. रागात असूनही ते ठेवलं होतं. पैसे साठवून पुढच्या वर्षी येईन. तोवर बाबांनी ते एक वाक्य जपून ठेवावं, पत्रात पाठवू नये, तोंडाने सांगावं.

क्लेम शेगडीकडे बघत होता. त्याची सरळ मान थोडी हलत होती. "आणखी आहे?"

होतं. कागदाच्या खालच्या अर्ध्यावर, एक ओळ मोकळी सोडून, असं मी त्याला सांगितलं. माझ्याबद्दल होतं. मी ते वाचलं, कारण गाळू नकोस असं तो म्हणाला होता आणि त्याच्यापासून मी पुष्कळ गाळलं होतं. थेल्माने लिहिलं होतं, 'त्या बाईला सांगा, मला तिचा राग आहे. आई आजारी पडली तेव्हा माझ्याकडे बोटीचे पैसे होते. मी आले नाही, कारण मला वाटलं बाबांना मी दारात नको आहे. आई जमिनीत जात असताना मी इथे कपडे धूत होते. ती बाई दर शनिवारी त्यांना बियर देत होती आणि तिला सगळं माहीत होतं. असं माणूस कसं असू शकतं, हे मला कळत नाही.'

वाचून झाल्यावर मी कागद त्याच्या हातात दिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बोलावं, अशी माझी इच्छा होती.

त्याने बोटांनी चाचपून ती मोकळी सोडलेली ओळ शोधली. "इथं का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने कागद तिथे नीट दुमडला, नखाने घडी पक्की केली आणि अलगद दोन तुकडे केले. वरचा तुकडा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. खालचा शेगडीत टाकला.

"एडाची बहीण वाचायला मागेल," तो म्हणाला. "गल्लीतल्या बायका मागतील. तुला इथंच राहायचंय."

मुलीच्या हातचा तो पहिला कागद त्याला सव्वासहा वर्षांनी मिळाला होता. त्यातला अर्धा त्याने माझी अब्रू राखायला जाळला.